हक्क रकमेचा की सेवेचा?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेच्या प्राधिकरणाने १ जुलै २०२५ पासून फिजिओथेरपीचा तासाचा कमाल दर देशातील मोठ्या राज्यांत १९३.९९ डॉलरवरून १८३.९९ डॉलरवर आणला आणि अपंग व्यक्तीच्या घरी जाऊन उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना प्रवासाच्या वेळेबद्दल मिळणारा मोबदला निम्मा केला. वरवर पाहता ही दरपत्रकातील एक किरकोळ दुरुस्ती होती. परंतु तिच्यावरून मोठे वादळ उठले. तज्ज्ञांच्या संघटनांनी तिचा निषेध केला; आणि शहरापासून दूर राहणाऱ्या अपंगांना आता आपल्या दाराशी कोण येणार, ही चिंता भेडसावू लागली. ज्या देशाचे सरकार या एका योजनेवर वर्षाकाठी चार हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च करते, तेथे दहा डॉलरवरून एवढा गदारोळ का व्हावा? या प्रश्नाचा मागोवा घेतल्यास कल्याणकारी राज्याच्या अर्थकारणातील एक मूलभूत पेच हाती लागतो. राज्याने नागरिकाला सेवेचा हक्क द्यायचा, की सेवा विकत घेण्यासाठी लागणारी रक्कम द्यायची, हा तो पेच होय.

या योजनेचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे. न्यूझीलंडमध्ये अपघातग्रस्तांसाठी सार्वत्रिक नुकसानभरपाईची पद्धत १९७४ मध्ये अमलात आली. तिचे शिल्पकार न्यायमूर्ती ओवेन वुडहाऊस यांच्याकडेच ऑस्ट्रेलियाचे मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी आपल्या देशासाठी अशा योजनेचा विचार करण्याचे काम सोपविले होते. अपघात असो, आजार असो वा जन्मजात व्यंग असो, अपंगत्व कोणत्या कारणाने आले यावर मदत अवलंबून असू नये, हा त्यामागील विचार होता. परंतु ११ नोव्हेंबर १९७५ रोजी व्हिटलम सरकार बडतर्फ झाले आणि योजना बारगळली. पुढील साडेतीन दशके जुनाच अन्याय चालू राहिला. मोटार-अपघातात पाय गमावलेल्याला विम्याचे पैसे मिळत. जन्मतः मेंदूचा पक्षाघात असलेले मूल मात्र राज्य सरकारच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे खितपत पडे. राज्य सरकारे सेवासंस्थांना ठोक अनुदाने देत आणि त्या संस्था देतील ते, देतील तेव्हा, अपंगांनी मुकाट्याने स्वीकारावे, अशी स्थिती होती. उत्पादकता आयोगाने २०११ च्या अहवालात या व्यवस्थेचे अपुरी, अन्याय्य, विस्कळीत आणि अकार्यक्षम असे वाभाडे काढले. अपंग व त्यांच्या कुटुंबीयांनी देशभर चळवळ उभारली आणि २०१३ मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्या मजूर सरकारने कायदा केला. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये काही निवडक भागांत योजनेचा प्रारंभ झाला आणि २०२० पर्यंत ती सर्व देशभर पोहोचली.

या कायद्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. अपंगत्व ही कुणावरही कोसळू शकणारी आपत्ती आहे, तेव्हा तिचा भार सर्वांनी मिळून उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्यासाठी उत्पन्नावरील मेडिकेअर आकार जुलै २०१४ पासून दीड टक्क्यावरून दोन टक्के करण्यात आला आणि जनतेने तो फारशी कुरकुर न करता दिला. पासष्ट वर्षांपूर्वी योजनेत दाखल होणाऱ्या, कायमचे व लक्षणीय अपंगत्व असलेल्या व्यक्तीला तिची सांपत्तिक स्थिती न पाहता साहाय्य मिळते. अपंगांचे निवृत्तिवेतन हा निराळा विषय. ते पोटापाण्यासाठी असते. ही योजना अपंगत्वामुळे जे जादा करावे लागते त्यासाठी आहे. आंघोळ-कपड्यांना मदत करणारा माणूस, चाकांची खुर्ची, घरातील उतरंड, वाचाउपचार, बाहेर जाण्यासाठी सोबत, अशा गोष्टी तीत येतात. दयेच्या जागी हक्क आला, ही प्रगती निर्विवाद आहे.

मात्र हा हक्क कोणत्या रूपात आला, ते पाहिले पाहिजे. जुन्या पद्धतीत पैसा संस्थेकडे जाई. नव्या पद्धतीत तो व्यक्तीच्या नावे राहतो. प्रत्येक लाभार्थ्यासाठी एक आराखडा तयार होतो. दैनंदिन मदत, क्षमता वाढविणारे उपचार व प्रशिक्षण, आणि साधने वा घरातील बदल, अशा मुख्य शीर्षांखाली त्यात रकमा मंजूर होतात. ही रक्कम हाती रोख पडत नाही. तिच्यातून सेवा घ्यायच्या असतात. तिचे व्यवस्थापन तीन प्रकारे होते. प्राधिकरणाने स्वतः हिशेब सांभाळला तर लाभार्थ्याला नोंदणीकृत सेवासंस्थांकडेच जावे लागते. मधला हिशेबनीस नेमला तर नोंदणी नसलेल्या संस्थांची दारे उघडतात, पण दरांवर सरकारी मर्यादा राहते. लाभार्थ्याने अथवा त्याच्या कुटुंबाने सर्व व्यवहार स्वतःच पाहिला तर ती दरमर्यादाही बंधनकारक राहत नाही. म्हणजे जितके स्वातंत्र्य अधिक तितके संरक्षण कमी, असा हा जिना आहे.

आता रक्कम आणि सेवा यांचे नाते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०२४-२५ साली दैनंदिन वैयक्तिक मदतीचा कमाल दर कामाच्या दिवशी, दिवसा, तासाला ६७.५६ डॉलर होता. शनिवारी तो ९५.०७, रविवारी १२२.५९ आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी १५०.१० डॉलर होता. समजा, एखाद्या तरुणाला आठवड्याला दहा तासांची मदत लागते, असे गृहीत धरून वर्षासाठी ३५,१३० डॉलर मंजूर झाले. सोमवार ते शुक्रवार, दिवसाउजेडी मदत घेतली तर या रकमेत ५२० तास पदरात पडतात. परंतु अपंगाला रविवारी अंथरुणातून उठायचे नसते, असे थोडेच आहे? तीच रक्कम रविवारी खर्च केली तर २८६ तासांतच संपते. पुढील वर्षी कामाच्या दिवसाचा दर ७०.२३ डॉलर झाला. मंजूर रक्कम त्या प्रमाणात वाढविली नाही तर ५२० तासांचे आपोआप ५०० होतात. आराखड्यातील एकही आकडा न बदलता, लाभार्थ्याला एका शब्दानेही न विचारता, त्याच्या हक्कातून वीस तास वजा होतात. तात्पर्य, येथे हक्काचे मोजमाप डॉलरमध्ये होते, गरज मात्र तासांत असते. आणि या दोहोंमधील दुवा म्हणजे दर. ज्याच्या हाती दर, त्याच्या हाती हक्काचा आकार.

मग दर कमी ठेवले की अपंगांचे भले होईल, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. कारण दर म्हणजे मुख्यतः कुणाचे तरी वेतन असते. मदतनिसाच्या तासाचा कमाल दर ठरविताना प्राधिकरण जो हिशेब मांडते त्यात मूळ वेतन, रजांचा मोबदला, निवृत्तिनिधीतील वर्गणी, कामगार-नुकसानभरपाईचा विमा, देखरेख, प्रशिक्षणाचा वेळ, कचेरीचा खर्च आणि अखेर सुमारे दोन टक्के नफा धरलेला असतो. रविवारचा दर जास्त, याचे कारण रविवारी राबणाऱ्या कामगाराला अधिक वेतन देण्याचा नियम आहे आणि तो कामगार चळवळीने झगडून मिळविलेला आहे. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. बायकांचे काम म्हणून त्याचे मोल पिढ्यान्‌पिढ्या कमी लेखले गेले. हे मान्य करून २०१२ मध्ये तेथील औद्योगिक न्यायाधिकरणाने समाजसेवा क्षेत्रातील कामगारांसाठी समान मोबदल्याचा निवाडा दिला आणि पुढील आठ वर्षांत टप्प्याटप्प्याने वेतनवाढ झाली. तेव्हा तासाला सत्तर डॉलर ऐकून ज्यांचे डोळे विस्फारतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ती सर्व रक्कम मदतनिसाच्या खिशात जात नाही, आणि जी जाते ती त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. दर खाली ढकलला की संस्था प्रथम प्रशिक्षण कापतात, मग देखरेख कापतात, मग कायम नोकरीच्या जागी रोजंदारी आणतात. त्याही पुढची पायरी म्हणजे मोबाईलवरून कामगार आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देणारे मध्यस्थ. त्यांच्या लेखी मदतनीस हा कामगारच नसतो, तो ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असतो. मग रजा नाही, आजारपणाची भरपाई नाही आणि उद्या काम मिळेलच याची हमीही नाही. अपंगांच्या हक्काची किंमत अशा रीतीने दुसऱ्या दुर्बल घटकाकडून वसूल केली जाते.

दुसऱ्या बाजूला, दर मोकळे सोडावेत, स्पर्धेतून ते आपोआप रास्त पातळीवर येतील, असे सांगणारे अर्थपंडितही आहेत. त्यांच्या पाठ्यपुस्तकातील बाजाराला काही अटी असतात. ग्राहकाला वस्तूची पारख हवी, विक्रेते अनेक हवेत, आणि न पटल्यास पाठ फिरविण्याची मुभा हवी. येथे यांपैकी एकही अट पुरी होत नाही. जो माणूस रोज सकाळी आपल्याला उचलून खुर्चीत बसवितो त्याच्याशी दराची घासाघीस कोण करील? ज्या वस्तीत एकच वाचाउपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतो तेथे निवड कशातून करायची? ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागांत दरमर्यादा ४० टक्क्यांनी आणि अतिदुर्गम भागांत ५० टक्क्यांनी वाढवून दिलेली आहे. तरीही तेथील आदिवासी वस्त्यांत मंजूर रकमेचा मोठा भाग पडून राहतो, कारण रक्कम आहे पण सेवा देणारे कुणी नाही. सर्व देशाचा विचार केला तरी मंजूर रकमेचा सुमारे चौथा हिस्सा खर्चच होत नाही, असे अनेक वर्षांचे चित्र आहे. २०१८-१९ साली तर अपेक्षेहून सुमारे ४६० कोटी डॉलर कमी खर्च झाला आणि त्या ‘बचती’मुळे सरकारच्या अंदाजपत्रकातील तूट जवळजवळ नाहीशी झालेली दिसली. अपंगांना न मिळालेल्या सेवेतून वित्तमंत्र्यांची प्रतिष्ठा उभी राहिली. रक्कम मंजूर करणे आणि सेवा पुरविणे यांत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

बाजाराने आपला स्वभाव अन्य रीतीनेही दाखविला. लग्नाची खरेदी म्हटली की फुलांपासून मंडपापर्यंत सर्वांचे भाव चढतात, हा आपल्याकडेही अनुभव आहे. तसाच प्रकार येथे घडला. एखादी आंघोळीची खुर्ची सामान्य गिऱ्हाइकाला एका भावाने, आणि पैसा सरकारी योजनेतून येणार हे कळताच त्याहून चढ्या भावाने विकली जाऊ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये आचारसंहिता बदलून समर्थनीय कारणाशिवाय असा चढा भाव लावण्यास मनाई करावी लागली आणि ग्राहक आयोगाच्या साहाय्याने खास पथक नेमावे लागले. त्याआधी, २०२२ च्या अखेरीस, खोटी बिले आणि संघटित लबाडी शोधण्यासाठी निराळी यंत्रणा उभारावी लागली होती. नोंदणी नसलेल्या पुरवठादारांची संख्या नोंदणीकृतांच्या कितीतरी पट असताना अशा यंत्रणा कुठे कुठे पुऱ्या पडणार? कमाल दराचे आणखी एक वैशिष्ट्य येथे नोंदविले पाहिजे. तो कमाल म्हणून जाहीर होतो, परंतु व्यवहारात बहुतेकांसाठी तोच चालू दर ठरतो. कसून काम करणारी संस्था आणि उरकून टाकणारी संस्था, दोघीही तेवढेच बिल लावतात. त्यात तोटा कसून काम करणारीचा होतो.

या पार्श्वभूमीवर योजनेच्या वाढत्या खर्चाचा प्रश्न पाहिला पाहिजे. उत्पादकता आयोगाचा २०१७ चा अंदाज असा होता की, योजना पूर्णत्वास गेल्यावर, म्हणजे २०१९-२० साली, सुमारे पावणेपाच लाख लाभार्थी असतील आणि खर्च २,२०० कोटी डॉलर होईल. २०२३-२४ मध्ये खर्च सुमारे ४,२०० कोटींवर गेला आणि २०२५ च्या मध्याला लाभार्थ्यांची संख्या सात लाखांच्या पलीकडे होती. सहा वर्षांच्या मुलांपैकी दर दहांमागे एक मूल योजनेत आहे, असे आरोग्यमंत्री मार्क बटलर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हे आकडे पुढे करून अपंगत्वाचे ‘ढोंग’ वाढल्याची कुजबुज तेथील वृत्तपत्रांतून होऊ लागली. वस्तुस्थिती निराळी आहे. योजना आल्याबरोबर राज्य सरकारांनी आपल्या अनेक जुन्या सेवा आवरत्या घेतल्या. शाळांतून, बालकेंद्रांतून व स्थानिक दवाखान्यांतून मिळणारी साधी मदत आटली. गावातील सगळ्या विहिरी बुजवून एकच शिल्लक ठेवली आणि मग तिच्यावर गर्दी फार होते म्हणून पाणी भरणाऱ्यांना दोष दिला, तर त्याला काय म्हणावे? २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या, ब्रूस बॉनिहेडी व लिसा पॉल यांच्या अध्यक्षतेखालील फेरआढाव्यानेही योजनेबाहेरच्या पायाभूत साहाय्याची उणीव हेच मुख्य दुखणे म्हणून दाखविले होते.

सरकारने मात्र औषधाआधी पथ्य सुरू केले. खर्चाची वार्षिक वाढ आठ टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य २०२३ मध्ये ठरले. २०२४ च्या कायद्याने कोणत्या सेवा योजनेत बसतात आणि कोणत्या बसत नाहीत याच्या याद्या बांधल्या. २०२५ पासून आराखड्यातील रक्कम हप्त्याहप्त्याने मोकळी होऊ लागली. आणि नऊ वर्षांखालील, सौम्य व मध्यम स्वरूपाचा विकासविलंब वा स्वमग्नता असलेल्या मुलांना योजनेबाहेरच्या नव्या व्यवस्थेकडे वळविण्याची घोषणा झाली. नवी व्यवस्था खरोखरच शाळेत आणि बालकेंद्रात उभी राहिली तर ती स्वागतार्ह ठरेल. पण ती उभी राहण्याआधी जुने दार बंद झाले तर मधल्या काळात वाढणारी मुले पुन्हा बालपणी येणार नाहीत. फिजिओथेरपीच्या दरातील कपात याच मालिकेत बसते. मेडिकेअर व खासगी विमा यांतील दरांशी तुलना करून ती केली, असे प्राधिकरण म्हणते. परंतु दवाखान्यात रांगेने येणाऱ्या रुग्णांचा दर आणि मोटारीने तासभर प्रवास करून एका अपंगाच्या घरी दिलेल्या उपचाराचा दर, हे एकाच मापाने कसे मोजता येतील? शिवाय हा दर २०१९ पासून गोठलेलाच होता. मधल्या काळात सर्वसाधारण किमती पाचव्या हिश्शाहून अधिक वाढल्या होत्या. म्हणजे खरी कपात दहा डॉलरपेक्षा बरीच मोठी होती.

या पेचातून सुटण्याचा मार्ग दरपत्रकात सापडणार नाही. जो पैसा देतो त्यानेच दर ठरवावा, ही पद्धत प्रथम बदलली पाहिजे. दरांबाबत सल्ला देण्याचे काम आरोग्य व वृद्धसेवा यांचे दर पाहणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे द्यावे, ही फेरआढाव्याची शिफारस योग्यच आहे. दरात जेवढे वेतन धरले आहे तेवढे कामगाराला मिळाले की नाही, हे पाहण्यासाठी मोठ्या सेवासंस्थांचे हिशेब उघडे झाले पाहिजेत. जेथे बाजार पोहोचतच नाही तेथे पगारी नोकर ठेवून सेवा पुरविण्याची जबाबदारी सरकारने स्वतः उचलली पाहिजे. निवडीचे स्वातंत्र्य ही मोलाची गोष्ट आहे. जुन्या संस्थांच्या मनमानीतून अपंगांना तिनेच सोडविले. पण निवड करायला समोर किमान एक चांगली, सार्वजनिक मालकीची, हक्काची सेवा असेल तरच त्या स्वातंत्र्याला अर्थ राहतो. सार्वजनिक शाळा नसलेल्या गावात शिक्षणासाठी दिलेल्या रकमेला जो अर्थ असतो, तोच येथे सेवा नसलेल्या वस्तीतील मंजूर रकमेला आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या योजनेचा आधार मिळतो. परंतु तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्यांना, ते तेथे कर भरीत असले तरी, तिचे दार बंद असते. भारतातून शिकायला गेलेली अनेक मुले-मुली तेथे मदतनीस म्हणून राबतात; दरातील प्रत्येक काटछाट त्यांच्याही वेतनाच्या पाकिटात उतरते. त्याहून महत्त्वाचा संबंध विचाराचा आहे. आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले आणि पुनर्वसनाचा, सामाजिक सुरक्षेचा हक्क शब्दांत दिला. प्रत्यक्षात केंद्राचे इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवर थांबले आहे, आणि तेही ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीलाच. ही रक्कम वाढलीच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु खात्यात पैसे जमा केले की राज्याचे कर्तव्य संपले, हा जो विचार अलीकडे सर्वपक्षीय शहाणपण म्हणून रूढ होत आहे, त्याची परीक्षा ऑस्ट्रेलियात होऊन चुकली आहे. तेथे रक्कम आपल्या कल्पनेपलीकडची होती, हिशेब चोख होता, आणि तरीही ज्या वस्तीत फिजिओथेरपिस्ट पोहोचला नाही तेथील मुलाचे पाय आखडतच राहिले. तालुक्याच्या गावी उपचारतज्ज्ञ, शाळेत प्रशिक्षित शिक्षक आणि त्या दोघांना सन्मानाचे वेतन, ही मागणी रकमेच्या मागणीइतक्याच मोठ्या आवाजात केली पाहिजे. हक्क बँकेच्या पुस्तकात लिहिला जाईल; तो बजावण्यासाठी मात्र दाराशी माणूस यावा लागतो.